सामान्य औषधशास्त्र कसं शिकवावं: नर्सिंग, फिजिओथेरपी, डेंटल आणि इतर आरोग्यसेवा वर्गांसाठी

नर्सिंगच्या पहिल्या तुकडीला मी औषधशास्त्र शिकवायला घेतलं तेव्हा सुरुवात व्याख्यांनी केली. औषध म्हणजे काय, त्याची नावं किती प्रकारची, ते कुठून मिळतं, कोणत्या मार्गांनी देतात, मग शोषण. दुसऱ्या आठवड्यात एक विद्यार्थिनी तासानंतर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, वॉर्डात एका आजींना गोळी गिळवत नव्हती. आम्ही ती कुटून पाण्यातून दिली. चालतं ना तसं?" गोळी दिवसभर हळूहळू सुटणाऱ्या प्रकारची होती. कुटल्यामुळे बारा तासांचं औषध एकदम पोटात गेलं होतं. आजी सुदैवाने ठीक होत्या. पण या प्रश्नाचं उत्तर शोषणाच्या तासात होतं, आणि तो तास मी आदल्याच आठवड्यात घेतला होता. मुलीने तो नीट लिहूनही घेतला होता. तिच्या वहीतलं शोषण आणि तिच्या हातातली ती गोळी यांची गाठ मी घालून दिली नव्हती.

पुढे लिहिलेली सगळी आखणी त्या एका प्रश्नातून आली आहे. डॉक्टर न होणाऱ्या, पण रोज औषधांशी संबंध येणाऱ्या विद्यार्थ्यांना जे शिकवतात, त्यांच्यासाठी ती आहे.

पायरी पहिली: हे विद्यार्थी उद्या नेमकं काय ठरवणार आहेत?

यातले बहुतेक जण औषध लिहून देणार नाहीत. ते औषध देतील, मोजतील, परिणामावर लक्ष ठेवतील, काही खटकलं तर थांबवून कळवतील. म्हणून अभ्यासक्रमाची प्रत उघडण्याआधी त्या त्या व्यवसायातल्या अनुभवी माणसासोबत तासभर बसा आणि एकच विचारा: औषधाची माहिती असल्यामुळे किंवा नसल्यामुळे फरक पडला असे दहा प्रसंग सांगा. तो कागद जपून ठेवा. सगळं सत्र त्यावर उभं राहतं.

प्रत्येक वर्गाचा कागद वेगळा निघतो. फिजिओथेरपीत कळतं की बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध) घेणाऱ्या रुग्णाची नाडी व्यायामाने हवी तशी वाढत नाही, त्यामुळे नाडीवरून व्यायामाची तीव्रता ठरवली तर रुग्णाला क्षमतेबाहेर ढकललं जाईल. त्याला दम किती लागतोय, कष्ट किती वाटताहेत हे विचारूनच पुढे जावं लागतं. फेंटॅनिल या तीव्र वेदनाशामकाचा पॅच लावलेल्या जागेजवळ शेक दिला तर औषध त्वचेतून भराभर आत जातं. मांडीत इन्सुलिन घेऊन लगेच पायांचा व्यायाम केला तर साखर लवकर उतरते. दंतवैद्यकात कळतं की पू झालेल्या दाताभोवती भूल नीट चढत नाही. ऑप्टोमेट्रीत टिमोलॉल या काचबिंदूवरच्या थेंबांची गोष्ट येते: थेंब डोळ्यातून नाकात उतरतो, तिथून रक्तात जातो आणि दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आवळू शकतो. म्हणून थेंब टाकल्यावर डोळ्याचा आतला कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरायला शिकवतात. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञासाठी प्रश्न वेगळाच असतो: डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची पातळी बघायला रक्त कधी घ्यायचं? डोसनंतर किमान सहा तासांनी, कारण तोवर औषध रक्तातून ऊतींमध्ये पुरेसं पसरलेलं नसतं आणि आकडा फसवा येतो.

यातल्या एकेका प्रसंगात सामान्य औषधशास्त्राचा एकेक अख्खा धडा आहे. तास प्रसंगापासून सुरू करा आणि धड्याकडे जा. उलट क्रमाने गेलात तर प्रसंग हे नुसतं "उदाहरण" होऊन वहीच्या समासात पडून राहतं.

पायरी दुसरी: औषधं कमी करा

सामान्य भागात औषधांच्या नावांचा पूर आणणं ही आपण शिक्षक सर्रास करतो ती चूक. शोषणाला एक औषध, चयापचयाला दुसरं, रिसेप्टरला (पेशीवरची औषध चिकटण्याची जागा) तिसरं असं करत शंभर नावं होतात, आणि विद्यार्थी संकल्पना सोडून नावं पाठ करायला लागतो. मी बारा औषधं ठरवते आणि सत्र संपेपर्यंत शक्यतो त्यांच्यातच फिरते: पॅरासिटामॉल, मॉर्फिन, नॅलॉक्सोन (मॉर्फिनचा उतारा), साल्ब्युटामॉल (दम्याचं), प्रोप्रॅनोलॉल (बीटा ब्लॉकर), फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं), डिगॉक्सिन, वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं), फेनिटॉइन (फिट्सवरचं), जेंटामायसिन (अँटिबायोटिक), नायट्रोग्लिसरीन (हृदयाच्या छातीदुखीवरचं) आणि पेनिसिलिन. तुमच्या वर्गाप्रमाणे दोन-तीन बदला. दंतवैद्यकासाठी भूल देणारं लिडोकेन हवंच.

तेच औषध चार वेळा चार बाजूंनी भेटलं की विद्यार्थ्याची त्याच्याशी ओळख होते. मॉर्फिन आधी शोषणात येतं, मग रिसेप्टरमध्ये, मग नॅलॉक्सोनबरोबर, मग दुष्परिणामांत. बाकीची औषधं पुढे एकेका संस्थेच्या औषधशास्त्रात येतातच.

नावांबद्दल एवढंच सांगा की जागतिक आरोग्य संघटना १९५३ पासून औषधांच्या आंतरराष्ट्रीय नावांच्या याद्या प्रसिद्ध करते आणि त्या नावांच्या शेपटात औषधाचं घराणं कळतं. शेवटी "ओलॉल" दिसलं की बीटा ब्लॉकर, "प्रिल" दिसलं की एसीई इन्हिबिटर (रक्तदाबाचं औषध), "सार्टन" आणि "स्टॅटिन" हीसुद्धा अशीच वेगळी घराणी. शिवाय पॅरासिटामॉल आणि अ‍ॅसिटामिनोफेन एकच, अ‍ॅड्रेनॅलिन आणि एपिनेफ्रिन एकच. अर्ध्या तासाचं काम आहे, त्याला दोन तास देऊ नका.

पायरी तिसरी: औषध आत कसं जातं

फळ्यावर दोन आकडे लिहा. साल्ब्युटामॉल इनहेलरचे दोन झोत म्हणजे २०० मायक्रोग्रॅम. साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅम. औषध तेच, आजार तोच, मग गोळीत वीसपट का? आणि उत्तर देऊ नका. दहा मिनिटं वर्गाला वाद घालू द्या. कोणीतरी म्हणतं गोळीतलं औषध वाया जातं, कोणी म्हणतं ते सगळ्या शरीरात पसरतं, कोणी म्हणतं झोत थेट फुप्फुसात जातो. तिघंही बरोबर असतात. गोळीने हात का कापतात आणि छातीत का धडधडतं, हेही मग कोणीतरी स्वतःहून विचारतं.

आता नकाशा काढा: तोंड, जठर, आतडं, तिथून पोर्टल शीर, यकृत, मग हृदय आणि बाकी शरीर. तोंडाने घेतलेल्या औषधाला यकृताचं टोलनाकं चुकत नाही. मॉर्फिनचा तोंडाने घेतलेला डोस रक्तात सुमारे पाव ते एक तृतीयांशच पोचतो, म्हणून इंजेक्शनवरून गोळीवर जाताना डोस वाढवावा लागतो. नायट्रोग्लिसरीन गिळलं तर यकृतात जवळपास सगळंच संपतं. जिभेखाली ठेवलं तर ते नाकं टळतं. छातीत दुखणाऱ्या रुग्णाने ती गोळी घाईघाईने गिळली तर काय होईल, हा प्रश्न इथे विचारा.

याच तासाला गोळ्यांची रिकामी पाकिटं आणा. हळूहळू सुटणारी गोळी, आतड्यात विरघळणारं आवरण असलेली गोळी, कॅप्सूल, साधी गोळी. कोणती कुटता येईल, कोणती नाही, हे पाकिटावरचा मजकूर वाचून गटागटाने ठरवू द्या. पहिल्याच दिवशी हा सराव झाला असता तर त्या आजींची गोळी कुटली गेली नसती, असं मला अजून वाटतं.

पीएच आणि आयनीकरणाचं गणित सगळ्या वर्गांना लागत नाही. दंतवैद्यकाला मात्र ते सविस्तर द्या. लिडोकेनचा पीकेए (ज्या पीएचला औषधाचा निम्मा भाग आयन झालेला असतो तो आकडा) ७.९ आहे. निरोगी ऊतीत त्याचा काही भाग आयन न झालेल्या रूपात असतो आणि तेवढाच मज्जातंतूच्या पडद्यातून आत शिरतो. सुजलेली, पू झालेली ऊती आम्लधर्मी असते, तिथे तो भाग आणखी घटतो, आणि रुग्ण खुर्चीत कळवळतो. एवढं समजलं की विद्यार्थी स्वतःच म्हणतो: मग सुजेपासून लांब, मज्जातंतूच्या मुळाकडे इंजेक्शन द्यायला हवं.

पायरी चौथी: हाफ-लाइफ, नाण्यांनी

या भागाला मी सगळ्यात जास्त वेळ देते आणि तुम्हीही द्या. वितरण (औषध शरीरात कुठे पसरतं) आणि हाफ-लाइफ (शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) समीकरणांतून शिकवलं की वर्ग हरवतो, हातांनी शिकवलं की वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

आधी वितरण. दोन काचेच्या ग्लासांत सारखंच पाणी घ्या, दोन्हींत सारखाच खायचा रंग टाका. एका ग्लासाच्या तळाशी आधीच अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल घालून ठेवा. थोड्या वेळाने वरचं पाणी बघा. चारकोलच्या ग्लासातला रंग फिका झालेला असतो. आता विचारा: नुसत्या पाण्याच्या रंगावरून अंदाज केला तर या ग्लासात किती पाणी आहे असं वाटेल? खूप जास्त. डिगॉक्सिनचं असंच आहे. ७० किलोच्या माणसाच्या शरीरात सगळं मिळून सुमारे ४२ लिटर पाणी असतं, पण डिगॉक्सिनचं वितरण-आकारमान, म्हणजे रक्तातल्या पातळीवरून काढलेला पाण्याचा असा अंदाज, ५०० लिटरच्या आसपास येतं, कारण औषध रक्त सोडून स्नायूंमध्ये आणि इतर ऊतींमध्ये जाऊन बसलेलं असतं. याचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर सांगा: डिगॉक्सिनची विषबाधा झालेल्या रुग्णाचं डायलिसिस करून फारसा लाभ नाही. यंत्र रक्त धुतं, औषध तर रक्तात फारसं नाहीच.

मग नाणी. प्रत्येक गटाला ६४ नाणी द्या. सगळी उधळायची, छाप पडलेली बाजूला काढायची, उरलेली मोजून लिहायची. एक फेरी म्हणजे एक हाफ-लाइफ. साधारण ६४, ३२, १६, ८, ४, २ असे आकडे येतात, हुबेहूब नाही, आणि ते तसे न येणंही चांगलंच. चार-पाच फेऱ्यांत औषध जवळजवळ संपलं हे कोणी सांगावं लागत नाही.

दुसरा खेळ: प्रत्येक फेरीनंतर नवी ६४ नाणी घाला, म्हणजे दर हाफ-लाइफला एक डोस. इथे नाणी कमी पडतात, म्हणून कागदावरच करा: ६४ चे ३२ उरले, त्यात ६४ घातले, ९६. त्याचे ४८ उरले, त्यात ६४, ११२. मग १२०, १२४, १२६. वाढ मंदावते आणि १२८ पाशी थांबायला येते. हीच स्थिर पातळी. ती यायला चार-पाच हाफ-लाइफ लागतात, डोस लहान असो की मोठा. डोस दुप्पट केला तर पातळी दुप्पट होईल, पण लवकर येणार नाही. डिगॉक्सिनचं हाफ-लाइफ निरोगी मूत्रपिंडात साधारण ३६ ते ४० तास आहे. वर्गाला हिशोब करू द्या: आठवडा लागेल. रुग्णाला आज गरज असेल तर? कोणीतरी म्हणतं, "मग पहिलाच डोस मोठा द्यायचा." लोडिंग डोसचा शोध वर्गाने लावलेला असतो. तुम्ही फक्त नाव सांगायचं.

तिसरा खेळ फेनिटॉइनसाठी. एका विद्यार्थ्याला टेबलापाशी कारकून म्हणून बसवा. तो मिनिटाला फक्त आठ नाणी मोजून पलीकडे टाकू शकतो. मिनिटाला सहा आली तर टेबल रिकामं, आठ आली तरी निभावतं. आता नऊ द्या. ढीग वाढतच जातो, थांबतच नाही. फेनिटॉइन मोडणारी एन्झाइम्स उपचाराच्या पातळीतच अशी भरून जातात, म्हणून डोस थोडासा वाढवला तरी रक्तातली पातळी भलतीच चढू शकते आणि रुग्ण डगमगायला लागतो, डोळे थरथरतात, बोलणं जड होतं. जास्त प्रमाणातलं मद्य आणि अ‍ॅस्पिरिन यांचंही असंच.

आता एक गैरसमज वेळीच काढा. हाफ-लाइफ म्हणजे परिणामाचा काळ नव्हे. इथे बारा औषधांच्या बाहेर जायला हरकत नाही. अ‍ॅस्पिरिनचं स्वतःचं हाफ-लाइफ १५ ते २० मिनिटं, पण ते प्लेटलेटचं एन्झाइम कायमचं निकामी करतं, म्हणून परिणाम प्लेटलेटच्या आयुष्याइतका, ७ ते १० दिवस टिकतो. वॉरफरिनचं उलट: औषध रक्तात पोचतं लवकर, पण आधीच तयार असलेले गोठणघटक संपेपर्यंत त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात.

आणि मॉर्फिन-नॅलॉक्सोनची जोडी. मॉर्फिन जास्त झालेल्या रुग्णाला नॅलॉक्सोन दिलं की तो मिनिटा-दोन मिनिटांत डोळे उघडतो, सगळ्यांना हायसं वाटतं. पण नॅलॉक्सोनचा परिणाम साधारण अर्धा ते दीड तास, मॉर्फिनचा त्याहून लांब. तासाभराने श्वास पुन्हा मंदावू शकतो. त्या वेळी खाटेपाशी कोण असेल? नर्सिंगच्या वर्गात हा प्रश्न विचारल्यावर शांतता होते. ती शांतता थोडा वेळ राहू द्या.

पायरी पाचवी: यकृत, मूत्रपिंड आणि माणसामाणसांतला फरक

चयापचयाच्या अभिक्रियांची यादी देऊ नका. पॅरासिटामॉलची एकच गोष्ट नीट सांगा. नेहमीच्या डोसात यकृत त्याचा बहुतेक भाग सुरक्षित वाटांनी बाहेर काढतं. थोडासा भाग विषारी पदार्थात बदलतो, त्याला यकृतातलाच ग्लुटाथायोन हा संरक्षक पदार्थ ताबडतोब निष्प्रभ करतो. डोस फार झाला की सुरक्षित वाटा तुंबतात, ग्लुटाथायोन संपतं आणि यकृताच्या पेशी मरायला लागतात. अ‍ॅसिटिलसिस्टीन देतात ते ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरण्यासाठी. पहिल्या दिवशी रुग्णाला फारसं काही वाटत नाही, हे ठासून सांगा. "आता बरा दिसतोय" म्हणून घरी पाठवलेला असा रुग्ण यकृत निकामी होऊन परत येऊ शकतो.

नवजात बाळाचं यकृत अजून तयार झालेलं नसतं हे सांगायला क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक पुरेसं आहे. १९५९ साली या औषधाने बाळं राखाडी पडून दगावल्याची नोंद झाली, कारण त्यांच्यात ते मोडून टाकण्याची क्षमताच पुरेशी नव्हती. कोडीन या वेदना आणि खोकल्यावरच्या औषधातून माणसामाणसांतला वारशाचा फरक कळतो: काहींच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार वेगाने बनतं आणि लहान मुलांचा श्वास थांबू शकतो. २०१७ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने बारा वर्षांखालच्या मुलांना ते देऊच नये असं ठरवलं.

एका औषधाने दुसऱ्याचं काय होतं यासाठी टर्फेनाडिन सांगा. झोप न आणणारं अ‍ॅलर्जीचं औषध म्हणून ते लोकप्रिय होतं. यकृत त्याचं जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्या रूपात बदल करायचं, आणि परिणाम त्या रूपाचा होता. पण कोणी सोबत केटोकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) किंवा एरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) घेतलं की हे रूपांतर अडायचं, मूळ औषध रक्तात साठायचं आणि हृदयाची लय बिघडायची, काही वेळा जीवघेणी. १९९८ साली ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं. ते बदललेलं रूप मात्र फेक्सोफेनाडिन या नावाने स्वतंत्र औषध म्हणून टिकलं. एन्झाइम अडवणारी औषधं कोणती याची यादी विद्यार्थी विसरतात, ही गोष्ट नाही विसरत. उलट्या दिशेचं उदाहरण क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन: ते एन्झाइम वाढवतं, आणि वॉरफरिन किंवा गर्भनिरोधक गोळी निष्प्रभ होऊ शकते.

मूत्रपिंडासाठी जेंटामायसिन पुरे. ते न बदलता लघवीतून जातं, मूत्रपिंडालाच इजा करतं, आणि इजा झाली की आणखी साठतं.

पायरी सहावी: रिसेप्टर

कुलूप-किल्लीचं चित्र सगळेच वापरतात. सुरुवातीला ठीक, पण ते अर्ध्या रस्त्यात सोडून जातं: किल्ली एक तर लागते किंवा लागत नाही. मी पंख्याचा रेग्युलेटर वापरते. रिसेप्टरला चालू करणारं औषध म्हणजे अ‍ॅगोनिस्ट, त्याची जागा नुसती अडवणारं म्हणजे अँटॅगोनिस्ट. पूर्ण अ‍ॅगोनिस्ट बटण पाचावर नेतो. अंशतः अ‍ॅगोनिस्ट ते तीनापर्यंतच नेऊ शकतो, आणि त्याचा हात बटणावर असेपर्यंत दुसऱ्याला पाचावर नेणं जड जातं. अँटॅगोनिस्ट बटणावर नुसता हात ठेवून बसतो. त्याला जागेवरून हटवायला अ‍ॅगोनिस्टची गर्दी वाढवावी लागते, म्हणजेच डोस आणि परिणामाचा आलेख उजवीकडे सरकतो. ब्युप्रेनॉर्फिन (अंशतः), मॉर्फिन (पूर्ण) आणि नॅलॉक्सोन (अँटॅगोनिस्ट) एकाच बटणावर बसवता येतात.

डोस आणि परिणामाचा आलेख तयार छापून देऊ नका. आकड्यांचा तक्ता द्या आणि त्यांनाच काढायला लावा, आधी साध्या पट्टीवर, मग लॉगवर. साध्या पट्टीवर सगळे लहान डोस एका कोपऱ्यात चेंगरलेले बघितले की लॉग कशाला, हे कोणी विचारत नाही.

पोटन्सी (परिणामाला किती कमी डोस पुरतो) आणि एफिकसी (जास्तीत जास्त किती परिणाम होऊ शकतो) यांतला गोंधळ फार चिवट असतो. फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम आणि ब्युमेटॅनाइड १ मिलिग्रॅम तोंडाने घेतल्यावर लघवी साधारण सारखीच होते. ब्युमेटॅनाइड "जास्त ताकदीचं" आहे का? रुग्णाच्या दृष्टीने नाही, गोळी फक्त लहान आहे. थायझाइड या लघवी वाढवणाऱ्या दुसऱ्या गटाचा डोस कितीही वाढवला तरी फ्युरोसेमाइडइतकी लघवी होत नाही. फरक पडतो तो इथे.

रिसेप्टरची कल्पना १९०५ च्या सुमारास जॉन लँग्लींनी निकोटीन आणि क्युरारेवरच्या प्रयोगांतून मांडली, एवढा इतिहास पुरतो. आणि सगळी औषधं रिसेप्टरवर काम करत नाहीत हेही सांगा. अँटासिड आम्लाशी थेट अभिक्रिया करतं, मॅनिटॉल नुसतं पाणी ओढतं.

पायरी सातवी: रोज दहा मिनिटं आकडेमोड

हा वेगळा धडा करू नका. प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटं याचीच. एक गणित, वहीत, कॅल्क्युलेटरशिवाय, आणि शेजाऱ्याकडून तपासून. दुसऱ्याचं गणित तपासणं हा वॉर्डातला खरा सराव आहे.

सुरुवात साधी ठेवा. जेंटामायसिनच्या २ मिलीत ८० मिलिग्रॅम आहे, हवं आहे ६०, तर किती काढायचं? १.५ मिली. मग सलाईन: ५०० मिली ८ तासांत, सेटमधून २० थेंबांना १ मिली. मिनिटाला २१ थेंब. मग गुणोत्तर. अ‍ॅड्रेनॅलिन १:१००० म्हणजे १००० मिलीत १ ग्रॅम, म्हणजेच १ मिलीत १ मिलिग्रॅम. १:१०,००० मध्ये त्याचा दहावा हिस्सा. दंतवैद्यकाच्या भुलेत १:८०,००० असतं: १ मिलीत १२.५ मायक्रोग्रॅम. प्रत्येक गणितानंतर एक प्रश्न सक्तीचा ठेवा: उत्तर पटतंय का? एका डोससाठी सहा कुप्या फोडाव्या लागत असतील तर गणित चुकलं असण्याची शक्यता दाट आहे. हात थांबवायला शिकवणं हे सूत्र शिकवण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

लिहिण्याच्या सवयीही इथेच लावा. दशांशचिन्हाआधी शून्य लिहायचं: ०.५. पूर्ण आकड्यानंतर दशांशचिन्ह आणि शून्य लिहायचं नाही: ५.० न लिहिता ५, नाही तर पुसट ठिपका कोणी वाचला नाही की ते ५० होतं. इन्सुलिनचा "युनिट" हा शब्द पूर्ण लिहायचा, आणि मायक्रोग्रॅमसुद्धा. वहीत चूक दिसली की लाल पेनाने गोल करा, उत्तर बरोबर असलं तरी.

पायरी आठवी: दुष्परिणाम

१९७७ साली मांडलेली साधी विभागणी अजून उत्तम चालते. पहिल्या प्रकारचे दुष्परिणाम औषधाच्या ओळखीच्या कामातूनच येतात, डोसशी निगडित असतात, आधी सांगता येतात: वॉरफरिनने रक्तस्राव. दुसऱ्या प्रकारचे अनपेक्षित असतात: पेनिसिलिनची अ‍ॅनाफिलॅक्सिस. मग लगेच भूमिका करून घ्या. एकजण रुग्ण, तो म्हणतो, "मला या औषधाची अ‍ॅलर्जी आहे." दुसऱ्याने विचारायचं: नेमकं काय झालं होतं? किती वेळाने? मळमळ झाली होती की अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला? "अ‍ॅलर्जी" हा शब्द न विचारता कागदावर उतरवला तर रुग्ण एका चांगल्या औषधाला कायमचा मुकतो. आणि खरी अ‍ॅलर्जी उतरवायची राहिली तर जीव जाऊ शकतो.

थॅलिडोमाइड सांगायलाच हवं. १९५७ साली पश्चिम जर्मनीत ते बाजारात आलं, सुरक्षित झोपेचं औषध म्हणून, आणि गरोदर स्त्रिया ते मळमळीसाठीही घेत. नोव्हेंबर १९६१ मध्ये मागे घेईपर्यंत जगभर दहा हजारांहून अधिक बाळं अपंग जन्मल्याचा अंदाज आहे. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी यांनी पुरावा अपुरा म्हणून परवानगी अडवून धरली होती. मात्र ही गोष्ट सांगून तिथेच थांबू नका. दुष्परिणाम नोंदवण्याचा फॉर्म वाटा आणि काल्पनिक रुग्णासाठी भरून घ्या. नोंद करायला औषधानेच झालं याची खात्री लागत नाही, शंका पुरते, हे बहुतेकांना तेव्हाच पहिल्यांदा कळतं.

पायरी नववी: परीक्षा

"हाफ-लाइफची व्याख्या लिहा" असं विचारलं तर व्याख्याच पाठ होईल. त्याऐवजी: औषधाचं हाफ-लाइफ ६ तास, रुग्ण दर ६ तासांनी ते घेतो, काल सकाळी सुरू केलं आणि आज म्हणतो गुण नाही. त्याला काय सांगाल? "फर्स्ट पास (यकृताच्या नाक्यावर औषध संपणं) म्हणजे काय"ऐवजी: रुग्णाने जिभेखालची गोळी गिळली, आता काय कराल? तोंडी परीक्षेत एक प्रश्न राखून ठेवा: मी रुग्ण आहे, शास्त्र शिकलेली नाही, मला समजेल असं सांग. ज्याला खरंच कळलंय तो इथे उजळतो, पाठ केलेला अडखळतो.

शेवटचा तास

शेवटच्या तासाला मी काही शिकवत नाही. एका काल्पनिक रुग्णाचा औषधतक्ता वाटते. वय ७८, वजन ४५ किलो, क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं. बरेच महिने डिगॉक्सिन, फ्युरोसेमाइड आणि वॉरफरिन चालू. कालपासून जेंटामायसिन सुरू. दोन दिवस मळमळ, जेवण नाही. सकाळी नाडी ५२. सकाळचा डिगॉक्सिनचा डोस ट्रेमध्ये तयार आहे.

गटांना चाळीस मिनिटं देते आणि मागे जाऊन बसते. सुरुवातीला कोणी मळमळीवर औषध शोधतं. मग कोणाला नाडी दिसते आणि तो डोस थांबवून कळवायला हवा असं ठरतं. मग डिगॉक्सिन मूत्रपिंडातून जातं हे आठवतं, आणि कोणीतरी हिशोब करतं की आज थांबवलं तरी या मूत्रपिंडात ते कित्येक दिवस राहील, म्हणजे नाडी बघत राहायला हवी. फ्युरोसेमाइडने पोटॅशियम उतरलं असेल आणि त्यामुळे डिगॉक्सिन जास्त घातक झालं असेल, हे सहसा उशिरा निघतं. जेंटामायसिन आणि फ्युरोसेमाइड दोघंही कानांना इजा करू शकतात, हे त्याहून उशिरा. जेवण बंद म्हणजे व्हिटॅमिन के कमी, म्हणजे वॉरफरिनचा जोर वाढलेला, तेव्हा हिरड्यांतून रक्त येतंय का ते बघा, हे गेल्या तुकडीत एकाच मुलीने सांगितलं. गोळी कुटण्याबद्दल विचारणारी नव्हे, ती कधीच पास होऊन गेली. पण हा तक्ता मी तिच्या प्रश्नानंतरच्या वर्षी पहिल्यांदा बनवला, आणि तेव्हापासून दर वर्षी त्यातलं एखादं औषध बदलून तोच वापरते.